नसबंदी आणि अंगातली रग

‘नको डॉक्टर, थंड पडेल तो.’ नर कुत्र्याच्या नसबंदीचा विषय निघाला की पशुवैद्यकांना हे वाक्य हमखास ऐकावे लागते. राखणीचा कुत्रा भुंकायचा थांबेल, पळणारा बसून राहील, भरलेली छाती उतरेल, अशी ही भीती. ती अगदीच निराधार नाही. पण नको तिथे घाबरून खऱ्या धोक्याकडे पाठ फिरवली जाते आणि त्याची किंमत बिचाऱ्या कुत्र्याचे गुडघे मोजतात, याचे मला वाईट वाटते.

आधी ताकदीचे पाहू. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्नायूंमध्ये प्रथिने बनण्याचा वेग वाढवते. वृषण काढले की रक्तातले त्याचे प्रमाण झपाट्याने घसरते. मग धावण्याची ताकदही घसरायला हवी. माणसांत या संप्रेरकाचा फरक मैदानावर स्पष्ट दिसतो: अव्वल धावपटूंमध्ये पुरुष स्त्रियांपेक्षा साधारण दहा-बारा टक्क्यांनी वेगवान असतात. कुत्र्यांचे चित्र निराळे आहे. पॉलीन एन्टिन या संशोधिकेने 2007 मध्ये शर्यतीच्या घोड्यांचे आणि ग्रेहाउंड कुत्र्यांचे वेग तपासले. घोड्यांत नर एक टक्क्याहूनही कमी फरकाने पुढे होते, तर ग्रेहाउंडमध्ये नर-मादीत म्हणावा असा फरकच नव्हता. अलास्कात इडिटारॉड ही सुमारे 1,600 किलोमीटरची बर्फावरची शर्यत होते. तिथे नर-माद्या एकाच गाडीला जुंपलेले असतात आणि सर्वांत पुढे वाट काढणारी अनेकदा मादीच असते. मादी म्हणजे काही नसबंदी झालेला नर नव्हे, त्यामुळे हा थेट पुरावा मानता येणार नाही. नराच्या मान-खांद्यांचा भरीवपणा नसबंदीनंतर थोडा उतरू शकतो, हेही खरे. पण धावण्याचे बळ या एकाच संप्रेरकावर उभे नाही, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

मग नसबंदीनंतर सुस्तावलेले, अंगाने सुटलेले कुत्रे आपण पाहतो, ते कशामुळे? त्याचे उत्तर ताटलीत आहे. जननग्रंथी गेल्या की शरीराची उष्मांकांची गरज साधारण पाव ते एक तृतीयांश कमी होते. त्याच वेळी भूक वाढते, कारण इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकांचा भुकेवरचा लगाम सुटतो. घरात मात्र वाडगा तेवढाच भरला जातो, वर आजीकडून बिस्किटे आणि जेवताना पोळीचा तुकडा असतोच. अमेरिकेतील मॉरिस अ‍ॅनिमल फाउंडेशन सुमारे 3,000 गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांचा आयुष्यभराचा अभ्यास करत आहे. त्यातून 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नसबंदी झालेल्या कुत्र्यांत वजन वाढण्याचा धोका 50 ते 100 टक्क्यांनी जास्त होता, शस्त्रक्रिया कोणत्याही वयात झालेली असो. वजन वाढले की कुत्रा कमी हलतो, कमी हलला की स्नायू झडतात. रग शस्त्रक्रियेने गेली असे मालकाला वाटते, पण बहुतेकदा ती पुढच्या सहा महिन्यांत हळूहळू गेलेली असते. टाके सुकल्यापासूनच खाणे पाव हिश्शाने कमी केले, दर पंधरा दिवसांनी वजन केले आणि रोजची धाव, चढ किंवा पोहणे सोडले नाही, तर हे टाळता येते.

खरी चिंता हाडांची आणि वयाची आहे. लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा बंद होण्याचा इशारा जननग्रंथींच्या याच संप्रेरकांकडून येतो. तो आलाच नाही, तर हाड जास्त काळ वाढत राहते. कमी वयात खच्ची केलेला खोंड वळूपेक्षा उंच, लांब पायांचा निघतो, ते यामुळेच. कुत्र्यात हाडांच्या लांबीचे प्रमाण बिघडले की खुब्यावर आणि गुडघ्यातल्या लिगामेंटवर भलताच ताण येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील बेंजामिन आणि लिनेट हार्ट यांच्या चमूने 2016 मध्ये 1,170 जर्मन शेफर्ड कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. नसबंदी न झालेल्या नरांपैकी 7 टक्क्यांना सांध्यांचा विकार होता. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांत हे प्रमाण 21 टक्के होते. माद्यांत 5 आणि 16 टक्के. याच चमूने 2020 मध्ये 35 जातींचा आढावा घेतला, तेव्हा लहान चणीच्या जातींत असा धोका जवळजवळ आढळला नाही. म्हणून ‘सहा महिने झाले, घेऊन या’ हा सरसकट सल्ला मला पटत नाही. पॉमेरेनियनला तो चालेल, जर्मन शेफर्डच्या पिल्लाला नाही. मोठ्या कुत्र्याची वाढ पुरी होऊ द्यावी.

थांबण्याचीही किंमत आहे, आणि ती मादीला जास्त मोजावी लागते. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींनुसार नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश माद्यांना दहा वर्षांच्या होईपर्यंत गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार होतो.

आता ईर्ष्येचे. 1976 पासूनच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते: नसबंदीनंतर नरांचे मादीच्या वासावर भटकणे खूप घटते. चढणे, नराशी भांडणे, जागोजागी लघवी करून खुणा करणे हेही बऱ्याच जणांत कमी होते. राखण मात्र कमी होत नाही, आणि अनोळखी माणसावर धावून जाणेही थांबेलच असे नाही. चेंडूमागे झेपावणे, वासाचा माग काढणे, मालकाच्या शाबासकीसाठी धडपडणे यांची मुळे मेंदूच्या वेगळ्या यंत्रणेत आहेत. अंधांना वाट दाखवणारे जगभरातले हजारो कुत्रे नसबंदी झालेले असतात आणि वर्षानुवर्षे चोख काम करतात. भित्र्या कुत्र्याबाबत मात्र घाई नको. काही अभ्यासांत नसबंदीनंतर भित्रेपणा आणि मोठ्या आवाजांची धास्ती जास्त दिसली आहे. युरोपात अशा नरासाठी आधी डेस्लोरेलिन या औषधाची कांडी कातडीखाली बसवतात. काही महिने संप्रेरक दबलेले राहते आणि स्वभाव कसा बदलतो ते पाहून शस्त्रक्रियेचे ठरवता येते.

रस्त्यावरच्या कुत्रीचा हिशेब याच्या अगदी उलटा आहे. तिची ताकद पिल्ले शोषून घेतात. भरपूर पिल्लांना पाजताना तिला नेहमीच्या दोन ते चार पट उष्मांक लागतात, आणि उकिरड्यावर ते मिळत नाहीत. राजस्थानातील शहरांत झालेल्या पाहणीत नसबंदी झालेले भटके कुत्रे इतरांपेक्षा अंगाने भरलेले होते आणि भांडणातल्या चिघळलेल्या जखमाही त्यांच्यात कमी होत्या. घरात जे वजन डोईजड होते, तेच इथे तिला तगवते. आणि इथे वाट पाहण्याची चैन नाही. कुत्री सहा महिने ते वर्षभराच्या वयात पहिल्यांदा माजावर येते. हाडे भरू देत म्हणून तिला आज सोडले, तर नसबंदीसाठी कुत्री नेणारी पालिकेची गाडी त्या गल्लीत पुन्हा येईपर्यंत ती बहुधा व्यालेली असेल.