आठातले दोन जीबी गेले कुठे?

नवा लॅपटॉप घरात आला की दोन दिवसांच्या आत कुणीतरी 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडतंच. तिथं एक ओळ असते. इन्स्टॉल्ड रॅम ८.०० जीबी, आणि लगेच कंसात, ५.९ जीबी युजेबल. खोक्यावर ८, बिलावर ८ आणि वापरायला धड सहाही नाहीत! दुकानदारानं चुना लावला, यावर घरात चटकन एकमत होतं. जाब विचारायला फोन केला तर दुकानदाराकडे ठरलेलं उत्तर तयार असतं, "साहेब, तो हजार आणि एक हजार चोवीसचा फरक असतो." उत्तर ऐकायला शास्त्रीय वाटतं. पण रॅमच्या बाबतीत ते साफ चुकीचं आहे.

ते उत्तर हार्ड डिस्कचं. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट धरतात. विंडोज तोच आकडा १,०२४ च्या पटीत मोजते, म्हणून स्क्रीनवर ९३१ दिसतात. बाइट तेवढेच, मोजायचं माप वेगळं. यावरून अमेरिकेत खटले झाले, २००६ मध्ये वेस्टर्न डिजिटलनं आणि २००७ मध्ये सीगेटनं तडजोड केली. ॲपलनं २००९ मध्ये आपल्या सिस्टिमचं मापच डिस्कवाल्यांसारखं करून टाकलं आणि त्यांच्यापुरता वाद मिटला. रॅमची गोष्ट निराळी. तिच्या चिपा मुळातच १,०२४ च्या पटीत बनतात, विकतानाही तेच माप आणि विंडोजचंही तेच. ८ जीबी रॅममध्ये ८,५८,९९,३४,५९२ बाइट असतात आणि विंडोज त्याला ८.०० च म्हणते. तेव्हा दोन जीबींचा हिशोब दुसरीकडेच शोधावा लागतो.

प्रोसेसर मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एका नंबरानं ओळखतो. हा त्या बाइटचा पत्ता. रॅम ही जमीन मानली तर पत्ते म्हणजे प्लॉट नंबर. इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, ती म्हणजे हे नंबर एकट्या रॅमच्या मालकीचे नसतात. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, साउंड, मशीन चालू होताना लागणारा बायोस, या सगळ्यांशी प्रोसेसर त्याच नंबरांतून बोलतो. अमुक नंबरावर काही लिहिलं की ते रॅममध्ये न जाता थेट ग्राफिक्स कार्डात जातं. शहराच्या विकास आराखड्यात जसे काही प्लॉट शाळेला, रस्त्याला, पाण्याच्या टाकीला राखून ठेवतात, तसंच हे. सातबारा तुमच्या नावावर आहे, पण आरक्षण पडलंय, बांधकाम करता येणार नाही.

हे आरक्षण पहिल्यापासूनचं आहे. १९८१ साली आयबीएमनं पहिला पीसी काढला तेव्हा त्यातल्या ८०८८ प्रोसेसरला पत्त्यासाठी २० तारा होत्या. म्हणजे नंबर एकंदर १०,४८,५७६. बरोब्बर एक एमबी. त्यातले खालचे ६४० केबी रॅमला दिले आणि वरचे ३८४ केबी राखून ठेवले, स्क्रीनच्या मेमरीला, जोडकार्डांना आणि अगदी टोकाला बायोसला. बायोस टोकालाच का? तर हा प्रोसेसर चालू झाल्या झाल्या पहिली आज्ञा एक एमबीच्या जेमतेम १६ बाइट अलीकडच्या पत्त्यावरून वाचतो. तिथं कायमची लिहिलेली चिप हवीच, नाहीतर मशीन उठणारच नाही. सुरुवातीचं सर्वांत स्वस्त मॉडेल १६ केबी रॅमवर विकलं जात होतं, त्यामुळे ६४० म्हणजे कुबेराचा खजिना वाटला असणार. तो चार-पाच वर्षांत संपला. मग १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून एक तोड काढली. राखीव भागातच ६४ केबीची खिडकी पाडायची आणि जादा मेमरी तुकड्या-तुकड्यानं तिच्यासमोर आणायची. नव्वदीच्या दशकात एखादा गेम सुरू व्हावा म्हणून कॉन्फिग डॉट सिस फाइलमध्ये रात्र-रात्र उलटापालट केलेल्या मंडळींना हा सगळा त्रास अजून आठवत असेल.

नंतर ३८६ प्रोसेसर आला, १९८५ मध्येच, ३२ तारा घेऊन. नंबर झाले ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे चार जीबी. त्या काळी एवढी रॅम कुणी घरी घेईल असं म्हणणाऱ्याला लोक हसले असते. पण नवा आराखडा आखताना जुनीच सवय पुढे चालली. चालू झाल्यावर पहिली आज्ञा कुठून वाचायची? सगळ्यात वरच्या टोकापासून १६ बाइट अलीकडे, म्हणजे आता चार जीबीच्या उंबरठ्यावर. बायोस तिथं जाऊन बसला. त्याच्या खाली इंटरप्ट सांभाळणाऱ्या चिपांचे पत्ते, त्याच्या खाली कार्डांचे. ही सगळी वसाहत चार जीबीच्या वरच्या टोकाशी वसली, आणि वीस वर्षं कुणाला तिचा उपद्रव झाला नाही, कारण रॅम तिथवर पोचतच नव्हती.

२००६-०७ च्या सुमारास रॅम स्वस्त झाली आणि पोचली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दोन-दोन जीबीच्या दोन कांड्या आणून लावायच्या आणि स्क्रीनवर दिसायचे ३.२५. कुणाला ३.५, कुणाला ३. हिशोब मांडून बघा. पीसीआय एक्स्प्रेसवरच्या उपकरणांची नुसती ओळखपत्रं ठेवायला २५६ बसेस आणि दर बसला एक एमबी, असे २५६ एमबी नंबर. ग्राफिक्स कार्डाच्या खिडकीला आणखी २५६. उरलेली कार्डं, बायोस आणि मध्ये सुटलेल्या मोकळ्या जागा धरून पाऊण जीबी केव्हाच भरतो. चारातून पाऊण गेला, राहिले सव्वातीन. कांडीत काहीही खोट नव्हती. तिच्या शेवटच्या पाऊण जीबीला द्यायला नंबरच शिल्लक नव्हते. मायक्रोसॉफ्टच्या मार्क रसिनोविच यांनी २००८ मध्ये विंडोजच्या मेमरीच्या मर्यादांबद्दल सविस्तर लिहिलं, त्यात चार जीबी रॅम आणि एकेक जीबीची दोन ग्राफिक्स कार्डं असलेल्या एका महागड्या गेमिंग मशीनचा किस्सा आहे. त्यात विंडोजच्या हाती उरले होते २.२ जीबी. जितकं भारी ग्राफिक्स कार्ड, तितकं मोठं आरक्षण!

या सगळ्यावर तेव्हा सर्रास एक वाक्य ऐकू यायचं, अजूनही येतं. "३२ बिटला चार जीबीच्या वर दिसतच नाही." हे अर्धसत्य आहे. इंटेलनं १९९५ च्या पेंटियम प्रोमध्येच पत्त्याच्या तारा ३६ केल्या होत्या. म्हणजे ६४ जीबीपर्यंतचे नंबर. एका प्रोग्रॅमला एका वेळी चार जीबीच दिसत, पण मशीनला एकूण ६४ जीबी वापरता येत. विंडोज सर्व्हर २००३ ची डेटासेंटर आवृत्ती ३२ बिटच्याच मशीनवर ६४ जीबी वापरायची. मग घरच्या एक्सपीनं आणि व्हिस्टानं काय घोडं मारलं होतं?

घोडं मारलं होतं ड्रायव्हरांनी, म्हणजे कार्डं चालवणाऱ्या प्रोग्रॅमांनी. चार जीबीच्या वरचा पत्ता हाती आला की त्याचे वरचे आकडे छाटून टाकणारे, आणि मग भलत्याच जागी लिहून मशीन पाडणारे ड्रायव्हर बाजारात होते. सर्व्हरवर मोजकी, तपासून घेतलेली कार्डं असतात. घरच्या पीसीत साउंड कार्ड, टीव्ही ट्यूनर, स्वस्तातलं कसलंही कार्ड. मायक्रोसॉफ्टच्या चाचण्यांत अशी मशीनं बसू लागली तेव्हा त्यांनी घरगुती ३२ बिट आवृत्तीत चार जीबीच्या वरचे पत्ते बंदच करून टाकले. रसिनोविच यांनी हे कारण उघड सांगितलं आहे आणि मला ते पटतंही. तरी व्यापारी बुद्धीचा वास अजिबात येत नाही असं नाही. विंडोज ७ च्या ६४ बिट आवृत्त्या घ्या. होम बेसिकला ८ जीबी, होम प्रीमियमला १६, प्रोफेशनलला १९२. या पायऱ्या कुठल्या प्रोसेसरनं घातल्या नव्हत्या. त्या किंमत बघून घातल्या होत्या. म्हणजे दिसणारी रॅम कमी होण्यामागे कधी गणित असतं, कधी दुसऱ्याचं कच्चं काम आणि कधी निव्वळ दरपत्रक. ग्राहकाला मात्र तिन्ही वेळा एकच उत्तर मिळतं, "तसंच असतं ते."

मायक्रोसॉफ्टनं तक्रारींवर एक गमतीशीर उपाय केला. व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकनंतर, म्हणजे २००८ पासून, प्रॉपर्टीजमधल्या त्या ओळीत वापरता येणाऱ्या रॅमऐवजी बसवलेल्या रॅमचा आकडा येऊ लागला. एका रात्रीत सव्वातीनाचे चार झाले. वापरायला मिळत होते सव्वातीनच! विंडोज ७ मध्ये दोन्ही आकडे शेजारी-शेजारी आले, आणि ती प्रामाणिक पण घोर लावणारी ओळ आजतागायत टिकून आहे.

आरक्षणात गेलेल्या जमिनीचा मोबदला म्हणून टीडीआर, म्हणजे बांधकामाचा हक्क, मिळतो आणि तो दुसरीकडे वापरता येतो, तशी सोय इथेही निघाली. बायोसमध्ये तिला मेमरी रीमॅप म्हणतात. आरक्षणाखाली अडकलेल्या पाऊण जीबी रॅमला चार जीबीच्या वरचे नंबर द्यायचे, की ती पुन्हा वापरात आली. पण हे नंबर समजणारा चिपसेट लागतो आणि ते वापरू देणारी विंडोजही लागते. इंटेलच्या ९४५ चिपसेटला चार जीबीच्या वरचे पत्ते ठाऊकच नव्हते. त्यामुळे ६४ बिट प्रोसेसर बसवला, ६४ बिट विंडोज टाकली, तरी आकडा तिथंच. त्या काळी नुसती विंडोज बदलून देण्याचे पैसे घेतलेल्या दुकानदारांनी या मशीनवर बऱ्याच शिव्या खाल्ल्या असतील. पुढे चिपसेट सुधारले आणि प्रश्न विरला. २०२१ च्या विंडोज ११ ची तर ३२ बिट आवृत्तीच निघाली नाही. चार जीबीच्या खालचं ते आरक्षण आजच्या मशीनमध्येही आहे, फक्त त्याखालची रॅम मुकाट्यानं वर हलवली जाते आणि कुणाला पत्ता लागत नाही.

मग आजच्या लॅपटॉपमधले दोन जीबी? ते नंबरांअभावी गेलेले नाहीत, खरोखरच दुसऱ्याला दिलेत. स्वस्त आणि मध्यम लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. ग्राफिक्स हे मुख्य प्रोसेसरमध्येच असतं आणि त्याला स्वतःची मेमरी नसते, म्हणून मशीन चालू होतानाच बायोस तुमच्या रॅममधला एक तुकडा तोडून त्याला देतो. एएमडी रायझनच्या अनेक लॅपटॉपांत हा तुकडा दोन जीबींचा असतो. आठातून दोन गेले, बायोसच्या किरकोळ गरजेला थोडे गेले, राहिले ५.९. सोळाचे होतात १३.९. इंटेलच्या अशा मशीनवर कायमचा तोडलेला तुकडा लहान असतो, बाकीची मेमरी लागेल तशी मागितली जाते, म्हणून तिथं ७.७ किंवा ७.८ दिसतात आणि कुणी तक्रार करत नाही. खात्री करायची तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. खाली बारीक अक्षरात 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' लिहिलेलं असतं, आणि तिथं दोन जीबींच्या आसपासचा आकडा सापडेल.

दुकानात धाव घेण्याआधी एवढंच बघायचं की दोनांपैकी कुठला आकडा कमी आहे. 'युजेबल' कमी असेल तर तो आरक्षणाचा मामला. 'इन्स्टॉल्ड'च कमी असेल, सोळा घेतले आणि आठच दिसतात, तर एक कांडी वाचली जात नाहीये. बहुतेकदा ती नीट बसलेली नसते किंवा तिच्या सोनेरी दातांवर मळ बसलेला असतो. मशीन बंद करून, वायर काढून, कांडी बाहेर घेऊन ते दात साध्या खोडरबरानं हलकेच पुसायचे आणि कट्ट आवाज येईपर्यंत परत बसवायची. आपल्याकडच्या रिपेअरवाल्यांचा हा जुना इलाज आहे आणि तो पुष्कळदा लागू पडतो. एक इलाज मात्र करू नका. 'एमएसकॉन्फिग'मध्ये जाऊन मॅक्झिमम मेमरीच्या चौकटीत टिक करा म्हणजे सगळी रॅम मोकळी होते, असं सांगणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. ती चौकट मर्यादा घालण्यासाठी आहे, चाचणी करणाऱ्यांच्या सोयीची. टिक केल्यानं रॅम वाढत नाही, चुकीचा आकडा पडला तर उलट कमीच होते.

रायझनवाले दोन जीबी परत मिळवता येतात का? बायोसमध्ये 'यूएमए फ्रेम बफर' नावाचा पर्याय असेल तर दोन जीबीचे ५१२ एमबी करता येतात. गेम खेळत नसाल तर काही बिघडत नाही, ग्राफिक्सला जास्त लागली तर विंडोज चालू रॅममधून देतेच. अडचण अशी की कित्येक कंपन्या लॅपटॉपच्या बायोसमधून हा पर्याय गायब करतात. आणि हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, ती पुढे वाढवायची सोय नसते. म्हणून घेतानाच दुकानदाराला विचारावं की रॅमचा एखादा स्लॉट मोकळा आहे का. नसेल तर आठाऐवजी सोळाचंच मॉडेल बघावं.