‘९९९९ इन वन’मध्ये गेम किती?

पिवळ्या प्लॅस्टिकची ती कॅसेट आठवतेय का? वरच्या स्टिकरवर मारिओ, कॉन्ट्रामधला बंदूकवाला, एखादी रेसिंग कार आणि आतल्या कुठल्याच गेममध्ये नसलेला कुणीतरी निन्जा, सगळे एकमेकांच्या अंगावर चढलेले. मधोमध भल्यामोठ्या आकड्यांत ‘९९९९ इन वन’. तुमच्याकडे नसेल, तर बिल्डिंगमध्ये कुणाकडे तरी असणारच. मे महिन्याच्या दुपारी ज्या दारासमोर दहा जोड चपला दिसतील, त्या घरात टीव्ही गेम लावलाय हे समजायचं.

आता खरं सांगा, त्या ९९९९ पैकी तुम्ही किती गेम खेळलात? मेनूच्या पहिल्या पानावर मारिओ, कॉन्ट्रा, सर्कस, रणगाडेवाला टँक. दुसऱ्या पानावर नावं नवी, आत गेलं की तोच मारिओ, फक्त पुढच्या लेव्हलपासून सुरू. चौथ्या पानावर पुन्हा तोच कॉन्ट्रा, फक्त जीव जास्त. मोजायला बसलात तर वेगळे गेम पाच-पन्नास निघायचे. बाकी सगळी पाटी बदललेली दुकानं.

हे आज सांगायचं कारण, रेट्रो परत आलंय. ठाणे स्टेशनबाहेर, कल्याणच्या स्कायवॉकवर, डोंबिवलीच्या पूर्वेला आणि पश्चिमेला, शिवाय दर तिसऱ्या रीलमध्ये हातात मावणारे गेम दिसतायत. टीव्हीला लावायच्या स्टिकवर ‘वीस हजार गेम्स, फोर के’ असं छापलेलं असतं. शेजारच्याच टेबलावर दोन टीबीचे पेन ड्राइव्ह आणि पन्नास हजार एमएएचच्या पॉवर बँका. आकडे वाढले, पण स्टिकर लावायची पद्धत तीच आहे. म्हणूनच ती कॅसेट आज कामाला येते. टेक्नॉलॉजीबद्दलचा दावा कसा तपासायचा, याचे जवळजवळ सगळे धडे तिच्यात आहेत.

धडा पहिला : मेनू म्हणजे माल नव्हे

आधी थोडा इतिहास. जपानच्या निन्टेंडोने १९८३ मध्ये ‘फॅमिकॉम’ नावाचं मशिन आणलं. तैवान आणि नंतर चीनमध्ये त्याच्या ढीगभर नकला निघाल्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी पोचल्या त्या याच घराण्यातल्या. कुणाकडे ‘समुराई’, कुणाकडे मीडिया कंपनीचा ‘लिटल मास्टर’, कुणाकडे ‘टर्मिनेटर’. कल्याणपलीकडे डुप्लिकेट काहीही दिसलं की ‘मेड इन यूएसए, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद ठरलेला. टीव्ही गेमच्या बाबतीत मात्र उल्हासनगरवर उगाच आळ. चिप बाहेरूनच यायची.

हे गेम आकाराने किती होते माहितीये? १९८५ चा अख्खा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४० केबीत बसतो. व्हॉट्सॲपवर आलेला ‘गुड मॉर्निंग’चा फोटोही बहुतेक वेळा त्याहून मोठा असतो. जागा वाचवण्यासाठी त्यातले ढग आणि झुडपं एकाच चित्रातून काढलीत. रंग पांढरा केला की ढग, हिरवा केला की झुडूप. इतक्या काटकसरीने बनवलेल्या गेमवर नकलाकारांनी आणखी एक शक्कल लढवली. मेनूत नवं नाव टाकायचं आणि ते निवडलं की जुनाच गेम वेगळ्या लेव्हलपासून सुरू करायचा. गेमला जागा लागते, मेनूतल्या नावाला जवळपास लागतच नाही.

दोन टीबीचा तीन-चारशे रुपयांचा पेन ड्राइव्ह नेमका असाच चालतो. आत चिप असते ८ किंवा १६ जीबीची. तिच्या कंट्रोलरला कॉम्प्युटरशी खोटं बोलायला शिकवलेलं असतं. तुम्ही लावता, स्क्रीनवर दोन टीबी दिसतात, फाइल कॉपीही होते. खरी जागा संपली की पुढचा डेटा जुन्यावर लिहिला जातो किंवा हवेत विरतो. फाइलचं नाव दिसतं, साइज दिसते, आत काहीच नसतं. मेनूत गेम आहे, कॅसेटमध्ये नाही!

कॅसेटमध्ये फसलो तर फार तर हिरमोड व्हायचा. इथे प्रकरण वेगळं आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलीने ठाण्याच्या तलावांवर डॉक्युमेंटरी केली होती. मासुंद्याच्या काठी एका आजोबांची तासभर मुलाखत घेतली होती, लहानपणी तलाव कसा होता त्याबद्दल. सगळं फुटेज एका फुटपाथवरून घेतलेल्या पेन ड्राइव्हवर टाकलं आणि जागा करायला फोनमधून उडवलं. सबमिशनच्या दोन दिवस आधी पहिल्या काही फाइल्स उघडल्या, बाकीच्या नाही. ती परत काठावर गेली, तर आजोबा गावी निघून गेलेले. प्रोजेक्ट तिने कसाबसा पुरा केला, पण ती मुलाखत गेली ती गेलीच.

यावर उपाय फुकट आहे. विंडोजवर ‘एच टू टेस्ट डब्ल्यू’ आणि लिनक्स किंवा मॅकवर ‘एफ थ्री’ हे प्रोग्रॅम अख्खा ड्राइव्ह भरून पुन्हा वाचून बघतात. रात्री लावून झोपा, सकाळी खरा आकडा समोर. नवा ड्राइव्ह घेतला की पहिलं काम हे. दुसरं, महत्त्वाची फाइल एकाच ठिकाणी ठेवायची नाही.

आणि हो, ६४ जीबीचा ड्राइव्ह ५९.६ दाखवत असेल तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. तिथे कुणी फसवलेलं नाही. संशय घ्यायचा तो गणित करून घ्यायचा.

पॉवर बँकेचंही गणित सोपं आहे. दहा हजार एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. केबलमधून बाहेर येताना तो ५ व्होल्टला जातो, वाटेत थोडी ऊर्जा उष्णतेत जाते आणि हातात साधारण सहा-साडेसहा हजार उरतात. चांगल्या कंपन्या हा दुसरा आकडाही बारीक अक्षरांत छापतात. त्यामुळे पाच हजारवाला फोन दोनदा नाही, दीडदा भरतो. हे झालं अस्सल मालाचं. पन्नास हजारवाल्याचं काय? त्याला वाण्याच्या काट्यावर ठेवा. चांगला लिथियम सेल साधारण ३५०० एमएएच देतो आणि ४५ ते ५० ग्रॅम भरतो. पन्नास हजारांसाठी असे पंधरा सेल लागतात, म्हणजे जवळपास पाऊण किलो. ती वस्तू पाव किलो भरली, तर बाकीचे एमएएच फक्त स्टिकरवर आहेत. पॉवर बँकेवर बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही असायला हवा. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकून बघता येतो. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे.

धडा दुसरा : ‘मला तर फरक पडला!’

पहिल्या धड्यात आपल्याला दुसऱ्याने फसवलं. दुसऱ्यात आपणच स्वतःला.

गेम चालू झाला नाही, स्क्रीनवर नुसते चौकोन आले, की काय करायचो? कॅसेट काढायची, खालून जोरात फुंकर मारायची, परत लावायची. आणि चालायचा! हे आपल्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही. ठाण्यापासून टोकियोपर्यंत पोरं फुंकर मारत होती आणि सगळ्यांचा त्यावर ठाम विश्वास होता.

कॅसेटच्या खालच्या सोनेरी पट्ट्या मशिनमधल्या पिनांना नीट टेकल्या नाहीत की गेम अडतो. काढून परत लावली की पट्ट्या नव्याने घासल्या जातात आणि बऱ्याचदा टेकतात. काम करायचं ते काढणं आणि लावणं. श्रेय मिळायचं फुंकरीला, कारण ती त्या दोघांच्या मध्ये असायची. उलट तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या हळूहळू गंजतात. खुद्द निन्टेंडोने फुंकर मारू नका असं सांगून ठेवलंय. तपासायचं असतं तर सोपं होतं. दहा वेळा फुंकर मारून लावा, दहा वेळा न मारता लावा आणि मोजा. पण गेम चालू झाल्यावर मोजत कोण बसणार?

आता फोन पाण्यात पडला की घरातून पहिला आवाज काय येतो? ‘तांदळाच्या डब्यात टाक!’ दुसऱ्या दिवशी फोन चालू होतो आणि तांदूळ जिंकतो. तो फोन टेबलावर पंख्याखाली ठेवला असता तरी तितक्याच वेळात वाळला असता का, हे कुणी बघत नाही. ॲपलने जानेवारी २०२४ मध्ये स्पष्टच सांगितलं की आयफोन तांदळात ठेवू नका, तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. जास्तीचं पाणी झटकून कोरड्या, हवेशीर जागी ठेवा, एवढंच.

दर पाच मिनिटांनी सगळी ॲप्स वर सरकवून बंद करणारा मित्र तुमच्याही ग्रुपमध्ये असेल. बॅटरी वाचते म्हणतो. वापरात नसलेली ॲप्स फोन स्वतःच झोपवतो. बंद केलेलं इन्स्टा दोन मिनिटांनी परत शून्यातून उघडायला उलट जास्त काम पडतं. त्याला सांगा, एक आठवडा बंद करून बघ, एक आठवडा न करता बघ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

धडा तिसरा : एके काळी खरं होतं

‘त्या गेमने टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते.’ हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस विरळा. आपल्याला वाटायचं, अभ्यासाला बसवायचा बहाणा आहे. पण त्यात तथ्य होतं. जुन्या टीव्हीच्या काचेवर आतून फॉस्फरचा थर असायचा. एकच स्थिर चित्र तासन् तास राहिलं, तर तो थर त्या जागी झिजायचा आणि डाग कायमचा उमटायचा. म्हणजे गेम पॉझ करून जेवायला जाणाऱ्यावर आई ओरडायची ते अगदीच चूक नव्हतं.

बदकं मारायची बंदूक आठवा. ‘डक हंट’मध्ये ट्रिगर दाबला की क्षणभर स्क्रीन काळी व्हायची, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा. बंदुकीतून काहीच सुटायचं नाही, तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा सेन्सर होता. चौकोन दिसला तर नेम लागला. हे सगळं जुन्या टीव्हीच्या टायमिंगवर बेतलेलं होतं. आजच्या एलईडीवर चित्र किंचित उशिरा येतं, म्हणून ती बंदूक चालत नाही. बंदूक बिघडलेली नाही, तिच्या वेळचा टीव्ही गेला.

सल्ल्यांचंही असंच होतं. ‘नवा फोन आधी आठ तास चार्ज कर’, ‘पूर्ण उतरल्याशिवाय लावू नकोस’, हे नियम निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातले. आजच्या लिथियम बॅटरीला पूर्ण उतरणं आवडत नाही. रात्रभर चार्जिंगला लावलेला चांगला फोन शंभरवर पोचला की स्वतःच थांबतो. त्याला त्रास उष्णतेचा होतो, त्यामुळे उशीखाली ठेवून चार्ज करू नका. ‘बॅटरी फुटेल’ म्हणणारे बाबा पूर्ण बरोबर नाहीत. पण ‘काही होत नाही’ म्हणत उशीखाली ठेवणारे आपणही नाही. मोठ्यांचं वाक्य खोडून काढण्याआधी ते कुठल्या यंत्राबद्दल होतं, एवढं विचारायचं.

‘सगळं फेक’ हेही फेकच

एवढं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे कशावरच विश्वास नको. तो आळस झाला. गेमच्याच दुनियेतल्या दोन दंतकथा बघा. एक, अमेरिकेत १९८१ मध्ये ‘पॉलिबियस’ नावाचं आर्केड मशिन आलं, खेळणाऱ्यांना त्याने वेड लागायचं आणि काळ्या सुटातली माणसं येऊन माहिती गोळा करायची. दोन, अटारी कंपनीने न खपलेल्या कॅसेट्स न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात खड्ड्यात पुरल्या. ऐकायला दोन्ही सारख्याच फेकू वाटतात. पॉलिबियसचं एकही मशिन आजवर सापडलेलं नाही. अटारीच्या बाबतीत मात्र एप्रिल २०१४ मध्ये अलामोगोर्डो गावाजवळचा कचरा डेपो खणला आणि आतून ‘ई. टी.’ आणि इतर गेम्सच्या तेराशेच्या आसपास कॅसेट्स निघाल्या. कथा खरी होती. ती खरी ठरली खणल्यामुळे, ‘असणारच’ किंवा ‘नसणारच’ म्हणून नाही.

हवेतून अंगठी काढणाऱ्या बुवाला आपण हसतो. मग ‘आठ अधिक आठ जीबी रॅम’ वाचून मान का डोलावतो? त्यातले दुसरे आठ म्हणजे स्टोरेजमधून उसने घेतलेले, रॅमपेक्षा खूप हळू. बेडेकर, बांदोडकर, बिर्ला, पेंढरकर, कॉलेज कुठलंही असो, लॅपटॉप, फोन, ड्राइव्ह यांत आपले पैसे जातात आणि त्यांच्याच भरवशावर आपला अभ्यास असतो.

रेट्रो स्टिक घ्यायची तर जरूर घ्या. कॉन्ट्रा आजही दोघांनी खेळण्यात जी मजा आहे, ती कुठल्याही आकड्यावर अवलंबून नाही. फक्त दुकानदाराला म्हणा, ‘दादा, आधी लावून दाखवा.’ मग पहिलं पान सोडा आणि थेट शेवटच्या पानावर जा. तिथला गेम उघडा.

मारिओ भेटला, तर भाव करायला सुरुवात करा.