पाइपात शिजणारा बोळा

सिंकखालचा ट्रॅप उघडून बघायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. खरं तर अवघड काहीच नसतं. खाली बादली ठेवायची आणि ट्रॅपची वाटी हाताने फिरवून सोडवायची. आधी काळपट पाणी येतं, मागोमाग एक बुळबुळीत गोळा पडतो. काडीने फोडला की आत चहाचा चोथा, मोहरीचे दाणे, कढीपत्त्याच्या शिरा दिसतात, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारं पिवळट, मेणचट असं काहीतरी.

घरात खटला चालतो तो चोथ्यावर, कारण तो ओळखू येतो. पण नुसता चोथा किंवा भाताची चार शितं वाहत्या पाण्याबरोबर बहुतेक वेळा निघून जातात. त्यांना अडकायला चिकट जागा लागते आणि ती तयार करतं ते पिवळट मेण. सिंक तुंबण्याची गोष्ट मुख्यतः स्निग्ध पदार्थांची आहे.

खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवावी लागते ती म्हणूनच. तूप आणि वनस्पती तूप त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला थिजतात. कढईतलं तूप गरम पाण्याने ‘गेलं’ असं आपल्याला वाटतं, पण ते गेलेलं असतं जेमतेम हातभर. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात बाहेरच्या भिंतीवरून उतरणारा पाइप रात्री दहा-बारा अंशांवर येतो. तिथे पोचेस्तोवर पाणी निवतं आणि तूप आतल्या बाजूला थर धरतं. पाइपाच्या भिंतीला अगदी चिकटून असलेल्या पाण्याचा वेग जवळपास शून्य असतो, हा द्रवगतिशास्त्राचा नियमही थराच्याच बाजूचा. मधून पाणी जोरात जात असलं तरी कडेला शांतता असते.

मग शेंगदाणा किंवा सूर्यफुलाचं तेल वापरणाऱ्यांची सिंकं का तुंबतात? ही तेलं आपल्याकडच्या थंडीत गोठत नाहीत. इथे दुसरं रसायन कामाला लागतं, आणि ते जास्त चिवट असतं. तेलाच्या रेणूत तीन मेदाम्लं एका ग्लिसरॉलला जोडलेली असतात. फ्रान्सच्या मिशेल शव्हरल यांनी १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तेल-चरबी मेदाम्लं आणि ग्लिसरॉल यांची बनलेली असते, हा उलगडा केला. तळणात ही जोडणी तुटू लागते. चकली तेलात पडली की तिच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तापलेल्या तेलात तेच पाणी मेदाम्लं सुटी करतं. म्हणून दिवाळीच्या फराळाचं चार घाण्यांनंतरचं काळपट तेल ताज्या तेलापेक्षा पाइपाला जास्त वाईट. सुट्या मेदाम्लांना पाण्यातलं कॅल्शियम भेटलं की तयार होतो साबण, पण पाण्यात न विरघळणारा. बोअरच्या जड पाण्यात अंगाच्या साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढुरकी साय बसते, ती या कॅल्शियम साबणाचीच. पाइपात तो थरावर थर चढवत जातो आणि वाळला की खडूसारखा भुगा होतो.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिलं, की गटारांतले चरबीचे दगड याच वाटेने बनतात; काँक्रीटच्या नळांतून झिरपणारं कॅल्शियम त्यांना हातभार लावतं. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली असा एक दगड सापडला, सुमारे अडीचशे मीटर लांब आणि १३० टन वजनाचा. त्यात ओल्या वाइप्सचाही भरणा होता. त्याचा एक तुकडा पुढच्या वर्षी तिथल्या संग्रहालयात काचेआड ठेवला गेला आणि लोक तो बघायला गेले. आपल्या सिंकखालचा गोळा त्याच घराण्यातला.

चरबीच्या खालोखाल मी बोट दाखवेन ते कणकेकडे. सुपारीएवढी कणीक चिमटीत धरून नळाच्या बारीक धारेखाली चोळत राहा. पाणी दुधासारखं पांढरं होत जाईल. ते पिठूळ, म्हणजे स्टार्च. थोड्या वेळाने पाणी नितळ येऊ लागेल आणि बोटांत उरेल एक करडी, रबरी, ताणली तर लांबणारी गोळी. हे ग्लुटेन, गव्हातलं प्रथिन, ते पाण्यात विरघळत नाही. परात सिंकमध्ये धुताना रोज हीच प्रक्रिया होते, फक्त बोटांऐवजी पाइपात. भाताची पेज दिसते निरुपद्रवी, पण तिचीच खळ करून सुती साड्या कडक करतात. गरम ओतलेली पेज पुढे निवून घट्ट होते. साबुदाण्याचं पाणी त्याच जातीचं.

पाइपाची रचनाही बऱ्याचदा या मंडळींना फितूर असते. सिंकखाली सर्रास दिसणारी वळ्यावळ्यांची प्लास्टिकची नळी बसवायला सोपी, हवी तशी वाकते. म्हणूनच प्लंबर ती लावून मोकळा होतो. पण तिची प्रत्येक वळी म्हणजे गाळ बसायला एक ओटा. त्यात ढाळ कमी असला तर विचारायलाच नको. सांडपाण्याच्या वाहिन्या आखताना अभियंते पाण्याला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वेग मिळेल असं पाहतात, म्हणजे गाळ तळाशी न बसता वाहून जातो. आपण नळाची करंगळीएवढी धार सोडून भांडी घासतो तेव्हा एवढा वेग कुठून येणार? भांडी झाल्यावर सिंकच्या तोंडाला बूच लावून अर्धं सिंक पाणी भरायचं आणि बूच एकदम काढायचं. एवढ्या लोंढ्याने जे जातं ते तासभराच्या धारेने जात नाही.

ट्रॅपला मात्र शिव्या देऊ नयेत. त्याच्या वळणात साठून राहणारं पाणी गटाराचा वास घरात येऊ देत नाही. अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजींनी १७७५ साली शौचकूपासाठी अशा वळणाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून शहरी घरं या दोन-तीन इंच पाण्याच्या भरवशावर आहेत.

आता उपाय. मोबाइलवर सर्वात जास्त फिरणारा उपाय म्हणजे खायचा सोडा आणि व्हिनेगर. फसफस छान होते, पण ती कार्बन डायऑक्साइडची, आणि वायू मोकळ्या बाजूने, म्हणजे वर निघून जातो. मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. ते चरबीला काही करत नाही. सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना निकामी करतात, इतकंच.

गरम पाणी खरंच उपयोगी, पण उकळतं नको. पीव्हीसी पाइप ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. हात पोळेल इतपत तापवून, भांड्यांचं लिक्विड टाकून ओतावं. लिक्विड नसेल तर वितळलेली चरबी दोन हात पुढे जाऊन पुन्हा बसते. असेल तर तिचे बारीक थेंब पाण्यात तरंगत जातात.

पाणी अजिबात उतरत नसेल तर रबरी पंप. पंप बुडेल एवढं पाणी सिंकमध्ये असू द्या, कारण हवा दबते, पाणी दबत नाही. सिंक जोडीचं असेल तर दुसऱ्या तोंडात ओलं फडकं घट्ट कोंबा, नाहीतर सगळा जोर तिकडून कारंज्यासारखा बाहेर येतो. लोक ढकलतात जोराने आणि उचलतात हळूच. बोळा सैल होतो तो आळीपाळीने ढकलल्या-ओढल्याने, तेव्हा वर खेचतानाही झटका हवाच.

कॉस्टिक सोड्याची पावडर काम करते, यात शंका नाही. चरबीचा ती विरघळणारा साबण करते आणि पाण्यात पडताच तापते. पण मागोमाग पुरेसं गरम पाणी गेलं नाही तर साबणाची वडी पाइपातच जमू शकते. डोळ्यात थेंब उडाला तर दृष्टी जाऊ शकते. हातमोजे, चष्मा हवाच. सिंकमध्ये ॲल्युमिनियमचं पातेलं राहिलं तर ते खाल्लं जातं आणि हायड्रोजन सुटतो. पावडर टाकून भागलं नाही तर त्यावर पंप मारू नये, आणि प्लंबर आला की त्याला आधी सांगावं. बाथरूमचं ॲसिड सिंकमध्ये ओतणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की ॲसिड चरबीला काही करत नाही आणि ब्लीचिंग पावडरला भेटलं तर क्लोरीन सोडतं.

कॅल्शियम साबणाचा जुना थर मात्र यातल्या कशालाच बधत नाही. तो खरवडावाच लागतो. त्यासाठी प्लंबरची स्प्रिंग, नाहीतर बांबूची लांब कामटी.

आणि ट्रॅप साफ करूनही पाणी चढतच असेल, त्यातही आपण नळ बंद ठेवलेला असताना वरच्या मजल्यावर भांडी घासायला बसले की आपल्या सिंकमध्ये फेस उगवत असेल, तर दोष घरात नाहीच. इमारतीची उभी लाइन खाली कुठेतरी चोकअप आहे. पंप बाजूला ठेवा, सेक्रेटरींना फोन करून चेंबरचं झाकण उघडायला लावा, आणि तोवर वरच्या काकूंना निरोप धाडा की भांडी जरा राहू द्या.