उंटाचं नाक पुसणारे शास्त्रज्ञ

उंटाला सर्दी होते का? होते तर! होईना का, म्हणाल, आपण कशाला त्याच्या नाकाची उठाठेव करायची? पण केनियाच्या उत्तरेला, मार्साबिटच्या रखरखीत माळावर काही माणसं हेच काम करतात.

आधी उंटाला खाली बसवायचं. एकानं त्याचं डोकं घट्ट धरायचं आणि दुसऱ्यानं मऊ टोकाची लांब काडी त्याच्या नाकात सरकवायची. पण वाळू आत जाऊ नये म्हणून उंटाला नाकपुड्या चक्क मिटून घेता येतात! शिवाय स्वारी चिडली, की चघळलेला पाला थेट तुमच्या शर्टावर. काडी एकदाची ओली झाली, की ती कुपीत, कुपी बर्फाच्या पेटीत आणि पेटी प्रयोगशाळेत.

एवढा खटाटोप कशासाठी? २०१२ साली सौदी अरेबियात, जेद्दा शहरात, एक माणूस न्यूमोनियानं दगावला. त्याच्या थुंकीत डॉ. अली मोहम्मद झाकी यांना एक नवाच कोरोना विषाणू सापडला. पुढे त्या आजाराला ‘मर्स’ म्हणू लागले. आजार भलताच वाईट. नोंद झालेल्या दर तीन रुग्णांमागे साधारण एक दगावतो. पण हा विषाणू आला कुठून? पहिला संशय वटवाघळांवर होता. मग २०१३ मध्ये ओमानमधल्या ५० उंटिणींचं रक्त तपासलं. शर्यतींतून निवृत्त झालेल्या या बायका! पन्नासच्या पन्नास जणींच्या रक्तात या विषाणूशी झुंजल्याच्या खुणा, म्हणजे प्रतिपिंडं, निघाली.

मग कुणीतरी शीतकपाटं धुंडाळली. (जुनं काही टाकू नये म्हणतात ते खोटं नाही.) सोमालियातल्या उंटांचं १९८३ सालचं गोठवलेलं रक्त मिळालं आणि त्यातही त्याच खुणा! हा पाहुणा किती वर्षं उंटांकडे मुक्कामाला होता बघा, आणि माणसाला पत्ताच नाही.

उंटाचं मात्र नुसतं नाक वाहतं. कारण हा विषाणू ज्या दारानं पेशीत शिरतो, ते दार उंटाच्या नाकातच असतं. माणसात ते खोल फुप्फुसात असतं. त्यामुळे आपल्याला तो सहजी लागत नाही, पण लागला की थेट फुप्फुसं धरतो. दोन वर्षांखालच्या पिल्लांच्या नाकात तो जास्त सापडतो, म्हणून काडीवाले आधी पिल्लांच्या मागे लागतात.

एक कोडं मात्र अजून पुरतं सुटलेलं नाही. जगातले बहुतेक उंट आफ्रिकेत, विषाणूही तिथे. मग आजारी माणसं सौदीतच जास्त का? आफ्रिकेतला विषाणू जरा वेगळा आहे, माणसाच्या फुप्फुसात तो तितक्या जोमानं वाढत नाही, असं काही प्रयोगांत दिसलं. की तिथल्या आजाऱ्यांची तपासणीच होत नाही? म्हणून मार्साबिटमध्ये उंटाचं नाक झालं, की उंट राखणाऱ्यालाही सांगतात, “दादा, आता तुम्ही बाही वर करा!”