अर्धशिशी आणि हाताचा आधार

मसाज, मानेचे उपचार, अ‍ॅक्युप्रेशर : मायग्रेनवर कशाचा किती उपयोग होतो?

डोकं ठणकायला लागलं की हात आपोआप कपाळाकडे जातो. कानशिलं दाबून धरली जातात, ओढणी डोक्याभोवती आवळली जाते, घरात कुणी असेल तर ‘जरा डोकं चेपून दे’ असं म्हटलं जातं. याच गरजेतून आता मसाज सेंटरं, अ‍ॅक्युप्रेशर केंद्रं आणि मणक्यांना झटके देऊन उपचार करणारी कायरोप्रॅक्टिक क्लिनिकं उभी राहिली आहेत. ‘मायग्रेन कायमचा बरा’ असं सांगणारेही भेटतात. अर्धशिशी मुळासकट काढून टाकणारा हात कुणाकडेच नाही. पण औषधांच्या जोडीला, दोन अ‍ॅटॅकच्या मधल्या दिवसांत नियमानं केलेल्या मसाजनं काही रुग्णांचं दुखणं हलकं होतं. ही मदत जरूर घ्यावी, फक्त तिची मर्यादा ओळखून.

जगात साधारण सातांतल्या एका माणसाला मायग्रेनचा त्रास असतो आणि स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या जवळपास तिप्पट आढळतो. उपचार केले नाहीत, तर एक अ‍ॅटॅक ४ ते ७२ तास टिकतो. डोक्याची बहुधा एक बाजू ठणकते, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसे होतात. उलटी झाल्यावर अनेकांना बरं वाटतं, म्हणून आपल्याकडे याला ‘पित्ताचं डोकं’ म्हणतात. प्रत्यक्षात मळमळ हा मायग्रेनचाच भाग असतो. चेहऱ्याच्या आणि मेंदूच्या आवरणाच्या संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस उत्तेजित होते, तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं द्रव्य स्रवतं आणि वेदनेचं चक्र सुरू होतं. हे कोडं उलगडणाऱ्या लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन या चौघांना २०२१ सालचं ‘ब्रेन प्राइझ’ मिळालं. अर्धशिशी हा मज्जासंस्थेचा आजार आहे. तो आळस नाही आणि नाटकही नाही.

मानेचा संबंध काय?

मग मान आणि खांदे चोळून डोक्याला आराम का पडावा? मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंकडून येणारे संदेश आणि ट्रायजेमिनल नसेचे संदेश मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी एकत्र येतात. त्यामुळे मानेतली कळ डोळ्यामागे जाणवू शकते आणि डोक्यातली कळ मानेत उतरू शकते. कवटीच्या तळाशी असलेले छोटे स्नायू मेंदूच्या आवरणाशी तंतूंनी जोडलेले असतात, हेही १९९५ मध्ये अमेरिकेतल्या शरीररचनातज्ज्ञांनी दाखवून दिलं.

मात्र इथे एक गफलत होते. अ‍ॅटॅकच्या काही तास आधी मान आखडणं हे बऱ्याचदा मायग्रेनचं पहिलं लक्षण असतं. रुग्णाला वाटतं, मान अवघडली म्हणून डोकं दुखलं. मग एक्स-रे निघतो, ‘मणक्यात गॅप आहे’ असं कुणीतरी सांगतं आणि मूळ आजार बाजूला राहून मानेचीच चिकित्सा सुरू होते.

प्रयोगांत काय दिसलं?

न्यूझीलंडमध्ये ४७ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही आठवडे नियमित मसाज घेतलेल्यांचे अ‍ॅटॅक इतरांपेक्षा कमी झाले आणि झोपही सुधारली. अभ्यास लहान होता, पण त्यातला झोपेचा मुद्दा मोलाचा आहे, कारण बिघडलेली झोप अनेकांना अ‍ॅटॅककडे ढकलते.

दुसरा अभ्यास नॉर्वेतला, २०१७ सालचा. तिथे १०४ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाच्या मणक्यांवर कायरोप्रॅक्टिक पद्धतीनं झटका देऊन उपचार केले. दुसऱ्याला तसेच भासणारे, पण मणक्यांशी संबंध नसलेले दाब दिले. तिसऱ्या गटाची नेहमीची औषधं चालू ठेवली. तिन्ही गटांत दुखण्याचे दिवस घटले. पुढच्या महिन्यांत तिसरा गट मूळपदावर आला, पण पहिल्या दोघांचा फायदा टिकला आणि त्या दोघांत फरक जवळजवळ नव्हता. म्हणजे गुण आला तो मणका ‘जागेवर बसवल्यामुळे’ नव्हे. उपचाराची अपेक्षा, स्पर्श, कुणीतरी वेळ देऊन आपल्याकडे लक्ष देणं यांचा त्यात वाटा असावा. तो आराम खराच होता. पण तो झटक्याशिवायही मिळत असेल, तर झटक्याचा धोका का पत्करायचा?

मान मोडून घेऊ नका

हा धोका क्वचित दिसतो, पण गंभीर असतो. मान जोरात फिरवली, तर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटू शकतं आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. केस कापल्यावर सलूनमध्ये मान कडकन वाजवून घ्यायची सवय म्हणूनच सोडायला हवी. मानेच्या पुढच्या बाजूला, गळ्याच्या दोन्ही अंगांना दाब देणंही टाळावं.

कधी आणि कसा मसाज घ्यावा?

अ‍ॅटॅक भरात असताना अनेकांची त्वचा इतकी हळवी होते, की केसांतून कंगवा फिरवणंही सोसत नाही. अशा वेळी डोकं रगडलं, तर त्रास वाढतो. तेलाचा किंवा बामचा वासही काहींना सहन होत नाही. तेव्हा अंधारी, शांत खोली, कपाळावर थंड घडी आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी अ‍ॅटॅकच्या सुरुवातीलाच, हे जास्त कामाचं.

मसाजची खरी वेळ मधल्या दिवसांची. आठवड्यातून एकदा मान, खांदे आणि जबड्याचे स्नायू प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून मोकळे करून घ्यावेत. घरी करायचं असेल, तर पाठीवर झोपा. मानेच्या मागे, कवटीच्या तळाशी दोन्ही बाजूंना जे खळगे लागतात, तिथे बोटं टेकवून अर्धा मिनिट संथ दाब द्या. श्वास चालू ठेवा. दाबाची गोड कळ चालेल, तीव्र कळ आली तर थांबा. मळमळीसाठी अ‍ॅक्युप्रेशरच्या पद्धतीनं हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या घडीपासून तीन बोटं कोपराच्या दिशेनं, दोन स्नायुरज्जूंच्या मध्ये दाब देऊन पाहता येतो. मायग्रेनवर त्याचा पुरावा तोकडा आहे, पण त्यात धोकाही नाही.

उपयोग होतोय की नाही, हे वहीत लिहून ठरवा. मसाज सुरू करण्याआधीचा एक महिना आणि नंतरचे दोन महिने दुखण्याचे दिवस, गोळ्या आणि झोप यांची नोंद ठेवा. आकडे हलले नाहीत, तर पैसे घालवत राहू नका. महिन्यात १५ किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या, किंवा १० किंवा अधिक दिवस मायग्रेनवरच्या खास ट्रिप्टान गोळ्या घेतल्या जात असतील, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते. अशा वेळी न्यूरॉलॉजिस्टला दाखवावं. अ‍ॅटॅक कमी करणारी प्रतिबंधक औषधं आज उपलब्ध आहेत.

काही प्रसंगी मात्र मसाजचा विचारही करू नये, सरळ रुग्णालय गाठावं : क्षणात शिगेला पोचलेलं दुखणं, तापासोबत आखडलेली मान, बोलण्यात अडखळ, हातापायांत अशक्तपणा, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं किंवा मानेत अचानक उठलेली अनोळखी कळ. डोकेदुखी पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झाली असेल, तरी तपासणी लांबवू नये.

आणि एक मागणं घरच्यांकडे. अर्धशिशीचा सर्वांत मोठा भार बायका सोसतात, आणि दुसऱ्यांचं डोकं चेपून देणारे घरातले हातही बहुधा त्यांचेच असतात. तिचं डोकं दुखत असताना कुकर लावणं, मुलांचा डबा भरणं, पाहुण्यांना चहा देणं ही कामं दुसऱ्या कुणीतरी उचलायला हवीत. मधल्या दिवसांत तिला अर्धा तास निवांत मिळावा, याची जबाबदारीही घरानं घ्यायला हवी. त्यासाठी कुठल्याही पदवीची गरज नाही.