भीती आणि धैर्य : हवाई दलातल्या आठवणी कशा ऐकाव्यात

मंडळी, वज्रेश्वरीत बसून युद्धाबद्दल बोलायचं, तर चिमाजी अप्पांना ओलांडून पुढे जाता येत नाही. वसईचा किल्ला मिळाला तर देवीचं देऊळ बांधीन, असा नवस त्यांनी केला आणि १७३९ मध्ये वसई सर झाल्यावर तो फेडला गेला, ही इथली परंपरा. देवळाचं प्रवेशद्वारसुद्धा किल्ल्याच्या दरवाजासारखं आहे, हे तुम्ही रोज बघता. आम्हाला यात एक प्रश्न दिसतो. नवस कोण बोलतं? ज्याला अपयशाची भीती वाटते तो. म्हणजे वसई घेणाऱ्या सेनापतीच्या पराक्रमाच्या गोष्टीतच भीती बसलेली आहे. आजचा आपला विषय हवाई दल असला, तरी मुद्दा हाच आहे.

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजी उभी राहिली, वापिती नावाची चार विमानं घेऊन. या दलाचं ब्रीदवाक्य गीतेच्या अकराव्या अध्यायातलं आहे, आणि त्याचा अर्थ आकाशाला भिडणारं तेजस्वी रूप. पण हा श्लोक म्हणतंय कोण, हे पाहिलं आहे का? अर्जुन. आणि तो काय सांगतो? हे रूप पाहून माझं मन व्याकूळ झालं आहे, मला धीर धरवत नाही, शांती मिळत नाही! शूर दलाचं ब्रीद एका घाबरलेल्या योद्ध्याच्या तोंडून आलेलं आहे. आम्हाला तरी यात विसंगती वाटत नाही. ॲरिस्टॉटलनं धैर्याची जागा भित्रेपणा आणि बेदरकारपणा यांच्या मध्ये सांगितली. ज्याला भीतीच वाटत नाही, त्याला तो धैर्यवान म्हणत नाही.

आता उदाहरण घेऊ. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर. १९६५ च्या युद्धात हाताला गोळी लागूनही त्यांनी विमान परत आणलं होतं. १० डिसेंबर १९७१ ला त्यांचं सुखोई-७ पाडलं गेलं आणि ते पाकिस्तानचे युद्धकैदी झाले. रावळपिंडीच्या छावणीत आपल्या हवाई दलाचे बारा अधिकारी होते. परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांनी अनेक दिवस लपूनछपून खोलीची भिंत कोरली आणि १२-१३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री ते बाहेर पडले. बसनं पेशावर, तिथून टांगा, पुन्हा बस, असं करत ते लंडी कोतलला पोचले. अफगाण सरहद्द काही मैलांवर राहिली होती.

आणि तिथे त्यांनी लंडी खानाची वाट विचारली. नकाशावर ते रेल्वे स्टेशन होतं. पण ते १९३२ सालीच बंद झालेलं! स्थानिक माणसाला संशय आला, हे परके कोण, बंद पडलेल्या स्टेशनचं नाव घेणारे? झालं, तिघं पकडले गेले. आम्ही पाकिस्तानी हवाई दलातले, असं ते सांगत राहिले. प्रकरण जिवावर बेतायला लागलं, तेव्हा परुळकरांनी छावणीचे पूर्वीचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान यांना फोन लावायला सांगितलं. ज्या शत्रूच्या कैदेतून पळाले, त्याच शत्रूच्या अधिकाऱ्यानं त्यांना ओळख दिली आणि जीव वाचला.

बघा, ज्या साली आपलं हवाई दल जन्मलं, त्याच साली ते स्टेशन बंद झालं. चाळीस वर्षांनी त्याच दलाच्या वैमानिकांना त्याची किंमत मोजावी लागली. नकाशा खोटा नव्हता, जुना होता. तत्त्वज्ञानात आम्ही श्रद्धा आणि ज्ञान यांतला फरक शिकवतो, तो इथे फार निष्ठुरपणे दिसतो. सयुक्तिक वाटणारी समजूत आणि ज्ञान एकच नव्हे.

पण खरा अवघड प्रश्न पुढेच आहे. बाकीच्या नऊ जणांचं काय? पळून जावं की नाही, यावर छावणीत एकमत नव्हतं. सिमला करार २ जुलैला झाला होता, सुटकेची आशा होती. पलायनानंतर सगळ्यांना लायलपूरच्या तुरुंगात हलवलं गेलं. जिनिव्हा करारानुसार फसलेल्या पलायनाबद्दल फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते, आणि एकाच्या कृत्यासाठी सगळ्यांना शिक्षा करायला मनाई आहे. कायदा असा स्पष्ट आहे, तरी त्रास वाटला जातोच. मग तिघांचं धैर्य नऊ जणांच्या खात्यावर होतं का?

आमचं मत सांगतो. कैद्यानं सुटकेचा प्रयत्न करणं हा त्याचा हक्क आहे, आणि सैनिकाला ते कर्तव्यही वाटतं. पण ज्या धैर्याचा भार दुसऱ्यावर पडतो, त्यानं त्या दुसऱ्याचं नाव गोष्टीत घेतलं पाहिजे. पळालेल्यांची गोष्ट आपण सांगतो, त्यावर चित्रपटही निघाला. मागे राहिलेल्यांची सहनशक्ती मात्र गोष्टीत मावत नाही, कारण तिच्यात घटना नसते. १ डिसेंबर १९७२ ला वाघा सरहद्दीवरून हे सगळे कैदी परतले, तेव्हा दोन्ही प्रकारची माणसं एकाच रस्त्यानं चालत आली.

विमान उडवणाऱ्याच्या मागे ते तपासणारा, इंजिन खोलणारा, हत्यारं भरणारा, रडारपुढे रात्रपाळी करणारा असतो. पहिल्या स्क्वाड्रनमध्येही वैमानिकांबरोबर हवाई शिपाई होते. त्यांच्या आठवणी कोणी लिहून घेतल्या?

भिवंडी तालुक्यात, आसपासच्या गावांत निवृत्त सैनिक आहेत. त्यांच्याकडे बसाल तेव्हा किती विमानं पाडली, हे आधी विचारू नका. भीती कधी वाटली, चूक कोणाच्या लक्षात आली, आणि मागे कोण राहिलं, हे तीन प्रश्न विचारा. पहिल्याचं उत्तर द्यायला माणूस वेळ घेतो. तो वेळ त्याला द्या. मग सांगितलं जाईल तो इतिहास असेल, नुसता पराक्रम नसेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.