कोयत्यामागची शाळा

दिवाळी झाली की पाथर्डी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतल्या शाळांचा पट उतरतो. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेलं जोडपं, म्हणजे एक कोयता, ट्रकमध्ये संसार भरून कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर थेट बेळगावात निघतं. पोरंही सोबत. परत येतात ती मार्च-एप्रिलमध्ये, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. या मुलांना शिकवायचं कुठे, याची गेल्या तीसेक वर्षांत तीन वेगवेगळी उत्तरं देऊन झाली.

पहिलं उत्तर साखरशाळेचं. मूल जिथे जाईल तिथे शाळेनेच जायचं, हा विचार मला अजूनही तिन्हींत सरस वाटतो. साखर कारखान्याच्या परिसरात, कोप्यांच्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांच्या शेजारी वर्ग भरू लागले. ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी ते चिकाटीने चालवले. ते जमलं, कारण गाडी सेंटरची, म्हणजे बैलगाडीवाली कुटुंबं कारखान्याजवळ तळ टाकून हंगामभर राहत. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्यांचं तसं नाही. एका गावचा फड संपला की कोपी मोडून पुढच्या गावाला. त्यांच्या पोरांना साखरशाळा क्वचितच गाठता आली.

मग शिक्षण हक्काचा कायदा आला. 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला. वयाला साजेशा वर्गात प्रवेश, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून कोणाला अडवायचं नाही. कलमं वाचली तर ती याच पोरांसाठी लिहिली असावीत असं वाटतं. पण कायद्याला मान्य असलेली शाळा नियमित शाळा होती. त्यामुळे साखरशाळा मागे पडल्या आणि फडाजवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांना बसवायचं ठरलं. पुढे शिक्षण हमी कार्डही आलं. कार्ड दाखवलं की प्रवेश मिळतो, पण पहाटेच फडात गेलेल्या आईबापांच्या मुलाला उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्याने शाळेत सोडणार कोण? बेळगावकडे तर शाळा गाठली तरी फळ्यावर बऱ्याचदा कन्नड.

तिसरं उत्तर नेमकं उलटं: मुलाने जायचंच नाही. त्यासाठी गावोगावी हंगामी वसतिगृहं निघाली, आजी-आजोबांपाशी राहिलेल्या मुलांच्या जेवणाची सोय झाली. 2021 मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली. 41 तालुक्यांत मुलांचं एक, मुलींचं एक, अशी 82. अनेक मुलांचं दुसरं सत्र यामुळे वाचलं, हे मान्यच करायला हवं.

तरी एक पोर प्रत्येक वेळी सुटतं. दूधपितं भावंड वसतिगृहात ठेवता येत नाही. ते आईबरोबर फडात जातं, आणि त्याला सांभाळायला नऊ-दहा वर्षांची बहीण. पाणी आणणं, भाकरी थापणंही तिच्याच वाट्याला. शाळा फडाशेजारी असो की गावात, कडेवर बाळ असेल तोवर ती वर्गात बसत नाही. तिन्ही उत्तरांनी शाळेच्या वयाचं मूल मोजलं, त्याच्या कडेवरचं मोजलं नाही.

गाळप परवाना देताना साखर आयुक्तांनी फडावरच्या पाळणाघराची अट घालावी, टोळीबरोबर ते हलेल असं बघावं, आणि ऐन हंगामात जाऊन तपासावं. वसतिगृहांची संख्या नंतर वाढवली तरी चालेल.